दोन्ही नावं लिही

मुलगी विंडसरला शिकायला गेली, त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. हॅलो नाही, जेवलीस का नाही. एकदम म्हणाली, "आई, तू ऑफिसात काँट्रॅक्ट वाचतेस ना? मला एक वाचून दे."

मिसिसागाला एअरपोर्टजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत मी ट्रकवाल्यांचे करार तपासते. पंधरा वर्षं तेच करते आहे. मुलगी इथेच जन्मली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. इथं मात्र तिचंही बोलणं मी मराठीतच लिहिते आहे, कारण मला ते तसंच आठवतं.

तिला एका सोरोरिटीत जायचं होतं. सोरोरिटी म्हणजे कॉलेजच्या मुलींचं मंडळ. प्रत्येक मंडळाचं एक घर असतं. काही मुली त्या घरात राहतात, बाकीच्या येऊन-जाऊन असतात, आणि सगळ्या एकमेकींना सिस्टर म्हणतात. आत जायला बिड यावी लागते. आमच्या ऑफिसात बिड म्हणजे ट्रकवाल्यानं भरलेला दर, म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "तुझा दर कोण लावतंय?" ती हसली होती. तिच्याकडे बिड म्हणजे घराचं बोलावणं.

एकुलती एक मुलगी. सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "मला सिस्टर कधी आणणार?" आणली नाही. आधी पर्मनंट रेसिडेन्सी होऊ दे म्हणालो, मग स्वतःचं घर होऊ दे, मग वय झालं. एटोबिकोला आमच्या बौद्ध मंडळींच्या असोसिएशनचे कार्यक्रम व्हायचे. तिच्या वयाची दुसरी मुलगीच नव्हती. सगळी एक तर मोठी, नाही तर बाबागाडीतली. वंदना झाली की ही माझ्या शेजारी खुर्चीत बसून राहायची, बायकांच्या गप्पा ऐकत. तेव्हा सिस्टर म्हणवणाऱ्या पन्नास मुलींचं घर तिला का हवं होतं, ते मला न सांगता कळत होतं.

पण ही निवड मला सोसवत नव्हती. पहिल्या दिवशी पाच घरं फिरायची, हसून बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी परत बोलावलं ते बघायचं. शुक्रवारी तिला तीन घरांनी गाळलं. मी फोनवर लगेच विचारलं, "आडनाव विचारलं का कुणी?"

"आई, त्यांना आपलं आडनाव उच्चारतासुद्धा येत नाही."

नांदेडला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर आम्ही चौघी एका खोलीत होतो. पहिल्याच संध्याकाळी एकीनं आडनाव विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी दोघी अर्ज देऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. चौथी राहिली. तीन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. तिचं लग्न होऊन ती कुठे गेली, ते मला माहीत नाही. पुष्कळ शोधलं. हे सगळं मी मुलीला कधी नीट सांगितलं नव्हतं, आणि त्या फोनवरही सांगितलं नाही.

तर शनिवारी दोन घरं उरली. एक मोठं, सगळ्यांना हवंसं वाटणारं. तिची कॉलेजच्या होस्टेलवरची रूममेट, सडबरीची एक बडबडी मुलगी, तिलाही तेच हवं होतं. दुसरं लहान, थोड्या मुलींचं. "तिथल्या मुली चांगल्या आहेत," मुलगी म्हणाली, "पण शांत आहेत. शांतता मला घरी भरपूर मिळाली."

रविवारी दोन्हीकडे शेवटची भेट, आणि तिथून उठून थेट सही करायची होती. सहीच्या खोलीत फोन न्यायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. म्हणून तिनं तो कागद आधीच मला पाठवला. दोन पानं होती. स्वयंपाक बाजूला ठेवून, डायनिंग टेबलाशी बसून मी पेन्सिल घेऊन वाचला.

अर्थ सरळ होता. ज्या घरांची बिड आपण घेऊ, त्यांचीच नावं पसंतीनं लिहायची. लिहिलेल्यापैकी कुठल्याही घराची बिड आली की ती आपल्यावर बंधनकारक. नको म्हणालो, तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरापर्यंत दुसऱ्या कुठल्याच घरात जाता येणार नाही. एकच नाव लिहिलं आणि त्या घरानं घेतलं नाही, तर हात रिकामे. पण मग आपण मोकळे. वर्षभरात कुठल्याही घरात जागा झाली आणि त्यांनी बोलावलं, तर जाता येतं.

हे शेवटचं वाक्य दुसऱ्या पानावर होतं. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"मग? एक लिहू की दोन?" तिनं विचारलं.

मी पॉलिटेक्निकचा फॉर्म भरत होते तेव्हा माझे वडील शेजारी बसले होते. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, म्हणाले. आपल्याला जागा मिळते तीच मोठी गोष्ट, कुठली ते नंतर बघू. तेच माझ्या तोंडून आलं. "दोन्ही नावं लिही बाळा. काहीच नसण्यापेक्षा एक बरं."

"आणि दुसरंच आलं तर?"

"तर आनंदानं जायचं. जाववणार नसेल तर लिहू नकोस."

एवढं मी बोलले. रेघ मारलेल्या वाक्याबद्दल बोलले नाही. तिनं कागद वाचलाच असेल, असं मनाशी म्हटलं. नवरा सोफ्यावरून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "एकच लिही म्हणायचं होतंस. नाही मिळालं तर नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" आणि पोळ्या लाटायला गेले.

सोमवारी बिड आली. लहान घराची. रूममेटला मोठं घर मिळालं. मुलीनं दुपारी मला ऑफिसात फोन केला आणि रडत म्हणाली, "मी नाही जाणार." मी वॉशरूममध्ये जाऊन तिच्याशी बोलले. समजावलं, सही बंधनकारक आहे, वर्ष जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे वर्ष." संध्याकाळी त्या घरासमोर मुली नवीन मुलींना मिठ्या मारत होत्या, फोटो काढत होत्या, तेव्हा ही आपल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती.

जानेवारीत मोठ्या घरात दोन जागा झाल्या. रूममेट धावत सांगायला आली, मुली तुझं नाव घेतायत म्हणाली. पण मुलीला जाता येत नव्हतं. सही होती. एकच नाव लिहिलं असतं तर ती त्या दिवशी आत गेली असती. फोनवर तिनं मला हे अगदी सपाट आवाजात सांगितलं, दोष दिला नाही. मी "अगं बाई" एवढंच म्हणाले.

आणि आता जे लिहायला मला जड जातं ते. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं वर्ष होतं. विंडसरला तिचं कुणी नव्हतं, म्हणून ती दर दुसऱ्या शुक्रवारी ट्रेनने यायची. ओकव्हिलच्या स्टेशनवरून मी तिला गाडीतून आणायची. शनिवारी आम्ही दोघी ग्रोसरी करायचो, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलनं उपसायचो. ती पहिल्यांदाच भाकरी थापायला शिकली. कडा फाटायच्या, तरी मी त्याच खायची. एकदा बर्फामुळे रविवारची ट्रेन रद्द झाली आणि तिला सोमवारपर्यंत राहावं लागलं. मी खिडकीशी उभी राहून वरवर चुकचुकत होते, आणि मनात म्हणत होते, पडू दे अजून.

उन्हाळा सरला. सप्टेंबरात ती पुन्हा सगळी घरं फिरली. शेवटपर्यंत बोलावलं ते एकाच घरानं. वर्षापूर्वी हिनं नाकारलेल्या त्या लहान घरानं. या वेळी तिनं मला कागद पाठवला नाही. सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मला गळ्यात माळा घातलेल्या सोळा मुलींचा फोटो आला. त्यात ती कुठली, ते शोधायला मला क्षणभर वेळ लागला.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर तिला त्या घरात खोली मिळाली. सामान पोचवायला मी आणि ती गाडीनं निघालो. वाटेतलं इकडचं लंडन नावाचं शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती पांढरी शेतं, आणि माझ्यानं राहवेना. म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या कागदावर लिहिलं होतं, एकच नाव लिहिलं तर तू मोकळी राहशील. मी वाचलं होतं. तुला सांगितलं नाही."

ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. तशीच म्हणाली, "मीही वाचलं होतं, आई."

"मग दोन का लिहिलीस?"

"तू म्हणालीस म्हणून." मग म्हणाली, "मला वाटत होतं, तू म्हणशील, सही नको करू, घरी ये. मी दोनदा विचारलं ना? त्याचीच वाट बघत होते."

तिनं एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या ग्लोव्हवर ठेवला, आणि गाडी बर्फावर घसरायला लागली तसा परत घेतला.

त्या घराच्या दारात तीन मुली कोट न घालताच धावत आल्या. एकीनं गादी उचलली, एकीनं माझ्या हातातली लोणच्याची बरणी घेतली. मला त्या सगळ्या "मॉम" म्हणत होत्या. खरंच शांत मुली होत्या, आणि फार प्रेमळ. मुलीच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावरची मुलगी विंडसरचीच, गाड्यांच्या कारखान्यातल्या कामगाराची. तिनं कपाटातला अर्धा भाग आधीच रिकामा करून ठेवला होता. ते बघून मी वळून भिंतीकडे तोंड केलं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. फोन रविवारी येतो, मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज असतो. परवा मी विचारलं, "या महिन्यात येतेस?"

"बघते, आई. इथे खूप चाललंय." मग पटकन म्हणाली, "तू ये ना. माझ्या पलंगावर झोप, मी खाली झोपते."

मी म्हटलं, येते. अजून गेले नाही. शनिवारी बर्फ पडला, म्हणून मी एकटीनंच ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढला. काढून झाल्यावरही बराच वेळ शोव्हल टेकवून उभी राहिले.