मलेरियाचे लेख मोजणारे बार्शीकर सर

आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल एकनाथ बार्शीकर पन्नाशी उलटल्यावर डॉक्टर झाले आणि त्याचा ताप आमच्या गल्लीला झाला. मी त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सरांच्या समोरच्याच घरात राहते. त्यामुळं हे सगळं मला दोन्हीकडून बघावं लागलं.

डॉक्टर म्हणजे पीएच.डी., आणि तीही ग्रंथालयशास्त्रातली. मलेरियाचा जंतू औषधाला दाद देईनासा होतो, त्यावर जगात कुणी, कुठं, कोणत्या साली किती लेख लिहिले, याची सरांनी मोजदाद केली. चार हजारांच्या वर लेख होते. लेखाचं शीर्षक, लेखकांची नावं, देश आणि साल कॉम्प्युटरला द्यायचं, की तो रंगीत गोळे काढून देतो. त्यात अमेरिकेचा गोळा टरबुजाएवढा आला होता. लेखाच्या आत काय लिहिलंय ते बघायचं काम नाही. सांगोल्याच्या डाळिंबांचा ट्रक काट्यावर घेणाऱ्या माणसाला डाळिंब गोड आहे का, असं कुणी विचारत नाही, तसंच हे. शास्त्र खोटं नाही. जगाचं लक्ष कुठं आहे आणि कुठं नाही, ते त्यातून कळतं. पण त्यानं ताप उतरत नाही.

मोजणं सरांच्या रक्तातच आहे. त्यांचे वडील केमच्या रेल्वे स्टेशनात मालाचे नग मोजायचे. सर लग्नाला गेले की पंगतीत किती पानं उठली ते अचूक सांगतात, आणि जेवण कसं होतं असं विचारलं की बायकोच्या, म्हणजे चेतनावहिनींच्या, तोंडाकडं बघतात. माणूस सज्जन. पण आयुष्यभर त्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. वाचनालयात 'शांतता राखा' म्हणून तेवढं बोलायचे, आणि तेही कुणी मनावर घ्यायचं नाही.

अशा माणसाला पदवी मिळाली आणि आठवड्याच्या आत गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. 'मलेरियातज्ज्ञ डॉ. एकनाथ बार्शीकर यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली गणेश मंडळाचा अध्यक्ष मल्लेश, गॉगल लावून. सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मॅडम, ते तज्ज्ञ जरा चुकीचं आहे. काढायला सांगू का?"

"आत्ताच्या आत्ता सांगा," मी म्हटलं.

"दोन दिवस राहू दे. पोरांनी हौसेनं लावलाय."

मी प्राण्यांच्या पोटातल्या जंतूंवर सहा वर्षं घालवून पीएच.डी. केली, तेव्हा याच गल्लीनं मला विचारलं होतं की पगार वाढणार का. माझा काही फ्लेक्स लागला नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडी जळजळ वाटली तर ती आहेच.

गणपतीत मंडळानं सरांचं व्याख्यान ठेवलं. पडदा लावला, गोळे दाखवले. मग सरांनी एक आलेख दाखवला. दरवर्षी या विषयावर किती लेख निघाले त्याची रेघ होती ती, आणि ती चढत चढत पडद्याच्या टोकाला गेली होती. सर म्हणाले, "बघा, औषधाला न जुमानणारा मलेरिया. रेघ कुठं पोचलीय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या सरांना जन्मात मिळाल्या नव्हत्या. रेघ लेखांची आहे, रोग्यांची नाही, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, सर त्या टाळ्यांत इतके रमले की पुढचं बोललेच नाहीत. मल्लेशनं त्यांच्या खांद्यावर सत्काराची चादर घातली आणि कार्यक्रम संपला.

गल्लीनं रेघ बघितली आणि आपला अर्थ काढला. गोळी दरसाल कमी लागू पडतेय. मग ती खायची कशाला? सरांच्या शेजारच्या रत्नम्मांना त्याच सुमारास थंडी वाजून ताप आला. एकटी बाई, घरी बसून टॉवेलांना शिलाई मारून पोट भरते. दवाखान्यात रक्त तपासलं, मलेरिया निघाला. दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि रत्नम्मांनी गोळ्या बंद केल्या.

दिवाळीच्या तोंडावर ताप परत आला. त्या मशीनवर बसायच्या आणि हुडहुडीनं पाय पायडलवर ठरायचा नाही. अंगात रक्त राहिलं नव्हतं. दवाखान्यानं पुन्हा पहिल्यापासून गोळ्या दिल्या. त्या त्यांनी फडताळात ठेवून दिल्या. मी ओरडले, तर म्हणाल्या, "तुमी किड्यांच्या मॅडम. सरांनी जगातलं समदं बगितलंय."

मी तरातरा सरांकडं गेले. त्यांना सांगितलं की हा जंतू यकृतात दडून बसतो. ताप जातो, जंतू जात नाही, म्हणून दोन आठवडे गोळ्या पुऱ्या करायच्या असतात. इथं जंतू औषधाला जुमानत नाही असं काही झालेलं नाही. रत्नम्मा जुमानत नाहीयेत, आणि ते तुमच्या रेघेमुळं. बाई हातची जाईल.

सर पांढरे पडले. तसेच सपाता घालून शेजारच्या दारात गेले. मी मागोमाग. गल्लीतल्या दोन-चार बायाही जमल्या.

"रत्नम्मा, गोळ्या घ्या."

"तुमीच दावलं की. रेघ वर वर चालली हुती."

"ती रेघ तापाची नव्हती. लोकांनी किती लेख लिहिले त्याची होती."

"आन गोळीचं काय लिवलंय त्यात?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही. मी एकही लेख वाचलेला नाही. नुसते मोजलेत. मी मलेरियातज्ज्ञ नाही."

भर गल्लीत, त्या बायांसमोर ते हे बोलले. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते मला पहिल्यांदा मोठे वाटले. बायांवर मात्र उलटाच परिणाम झाला. "किती शिकलंय, तरी गर्व न्हाय बगा," एक जण म्हणाली.

रत्नम्मा काही हलल्या नाहीत. तेव्हा सर उंबऱ्यावर बसले. "मी बसतो. तुम्ही घेतली की जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही हे मी बजावलं होतं, म्हणून रत्नम्मांची भाकरी खाऊन होईपर्यंत सर थांबायचे. कॉलेजला उशीर व्हायचा, प्राचार्य बोलायचे. रत्नम्मा मुद्दाम एकेक घास चावून खायच्या. कधी म्हणायच्या, आज जीव मळमळतोय, उद्या घीन की. सर म्हणायचे, "बरं," आणि बसून राहायचे. शेवटी त्याच वैतागून गोळी तोंडात टाकायच्या आणि रिकामं तोंड उघडून दाखवायच्या. मधल्या काळात सरांनी मल्लेशच्या हातापाया पडून फ्लेक्स उतरवला. मल्लेश आठवडाभर रुसला होता.

दोन आठवडे भरले. ताप गेला. उन्हाळा उलटून पुढचा गणपती आला तरी तो परत फिरकला नाही, आणि रत्नम्मांचं मशीन आता पहाटेपासून माझी झोप मोडतं.

एकदा दारात बोलता बोलता मी त्यांना विचारलं, "सर तज्ज्ञ नाहीत हे कळल्यावर तुम्ही गोळ्या का घेतल्या?"

"आवो, मानूस रोज येऊन दारात बसतंय," रत्नम्मा म्हणाल्या. "कामाचं खाडं करून. त्याला रिकामं कसं लावायचं परत?"

सर शेजारीच उभे होते. मी त्यांना विचारलं, "तुमच्या त्या चार हजार लेखांत रोग्यानं गोळी पुरी घेण्याचं हे कारण कुणी लिहिलंय का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "ते वाचून बघावं लागेल, मॅडम."