गोठ्यातला आधार

ओल्या सिमेंटचा वास आला की मला चंदगडकडच्या उतारावरची ती भिंत आठवते. वरच्या रस्त्याची लाल माती अडवणारी, तीन माणसं उंच. म्हणून तिला खालच्या बाजूने दर दहा फुटांवर तिरका दगडी आधार द्यायचा होता. मी तिथला नवा इंजिनिअर. चौथा आधार नेमका एका म्हातारीच्या गोठ्यात येत होता. "सायेब, मग म्हस बांदू कुठं? एकच हाय की," ती हात जोडून म्हणाली. गवंडी कुरकुरला, "ह्यो सोडू नगासा." मी सोडला. वर, आपण किती भले, असंही वाटून घेतलं. आषाढात भिंत तेवढ्याच जागी फुगली आणि गोठ्यावर कोसळली. मी पोचलो तेव्हा चिखलातून म्हशीची फक्त शिंगं दिसत होती. म्हातारी शेजारी बसली होती. मी शिव्या खायच्या तयारीनेच उभा राहिलो. "सगळ्यांत तुमीच तेवढं माजं ऐकलासा," असं म्हणून तिने मला बसायला पोतं सरकवलं. आता कुणी हात जोडले की मी नुसता नकाशा पुढे करतो, चेहऱ्याकडे बघत नाही. माझ्या भिंती पडत नाहीत. त्या पोत्यावरून मात्र मी अजून उठलेलो नाही.