डाव्या हाताची कविता

आमची आत्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. घरी सगळे तिला भोंगा म्हणतात. तिला त्याचा राग नाही. "निदान मी बोलले की गाडी तरी सुटते," असं वर ऐकवते. दोन घोषणांच्या मधे ती कविता लिहायची. त्या ऐकायला हक्काची माणसं दोनच, आजी आणि मी.

जुन्या बर्फाच्या कारखान्यात कलादालन निघालं आणि तिथल्या व्यवस्थापक बाईंनी, बसस्थानकावर एकदा आत्याची कवितांची वही पाहिली होती म्हणून, तिला बोलावलं. ती कविता म्हणणार, त्याच वेळी एक चित्रकार भिंतभर कापडावर रंगवणार आणि एक नर्तक नाचणार, असा बेत होता.

तालमीलाच चित्रकार म्हणाला, "ताई, तुमचा आवाज जरा मागे राहू दे. लोक चित्र बघायला येतात."

"येऊ देत की," आत्या म्हणाली, "कान घरी ठेवून थोडेच येणारेत?"

पण पहिली कविता वायाच गेली. लोक हातात पेले घेऊन फिरत होते, गप्पा हाणत होते, चित्रकाराच्या पाठीशी गर्दी करत होते. आत्याने मात्र शांतपणे कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली, माइक बाजूला ठेवला आणि गर्दीतून वाट काढत ती थेट कापडापुढे जाऊन उभी राहिली.

"आता माझ्या आईची कविता," ती म्हणाली. जेवायला हाक मारावी इतक्या सहज. दालन गप्प झालं.

आजी पुढच्याच खुर्चीत होती. आजारपणात तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हाची ही कविता.

"उजवा हात झोपून गेला,
तेव्हा आईने डाव्याला शाळेत घातलं.
तो रोज रडत जायचा,
आणि रोज नवं अक्षर घेऊन यायचा."

नर्तक थबकला. त्याने उजवा हात सैल सोडला आणि सगळा नाच डाव्या हातावर आणला. चित्रकाराने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा ब्रशकडे, आणि ब्रश डाव्या हातात घेतला. रेघ वेडीवाकडी गेली. त्याने ती पुसली नाही.

"अगं, बटणाचं राहिलं!" आजी मधेच ओरडली.

"येतंय, आई, दम धर!" आत्या म्हणाली. सगळे हसले, आणि मग एका हाताने सदऱ्याचं बटण लावायला शिकण्याचं ते कडवं आलं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही.

कार्यक्रमानंतर चित्रकार जवळ आला. "ताई, तालमीला मी चुकीचं बोललो."

"हो, बोललात खरे," आत्या म्हणाली. "पुढच्या वेळी कापड मोठं आणा. माझ्याकडे लांब कविता आहे."

तेव्हापासून तिघांचे बरेच कार्यक्रम झाले. तालमी आमच्याच बाहेरच्या खोलीत होतात. नर्तक सोफा सरकवतो, चित्रकार वर्तमानपत्रं अंथरतो, आणि फरशीवर रंगाचा थेंब पडला की आजी दोघांनाही झापते.