फ्लेक्सवरचे सात लाख वीस हजार

लातूरच्या ट्यूशन एरियात सिग्नलला ऑटो थांबला आणि आरतीला समोरच्या इमारतीवर स्वतःचंच तोंड दिसलं. दहा फुटी फ्लेक्स. पदवीदानाच्या दिवशीचा काळा गाऊन, चेहरा कॉम्प्युटरवर गोरा केलेला. खाली ठळक अक्षरात: ‘कु. आरती, बी.एस्सी. पशुविज्ञान. वरिष्ठ पोषण अधिकारी. वार्षिक पॅकेज सात लाख वीस हजार.’

ऑटोवाल्यानं आरशातून एकदा तिच्याकडं, एकदा वर पाहिलं.

“ताई, तुम्हीच का हो ह्या? मग आज भाडं वाढवून द्या की!”

आरती हसली नाही. पशुखाद्याच्या कंपनीत तिला महिन्याला चौदा हजार दोनशे मिळत, तेही पेट्रोलसकट. पोती कमी विकली म्हणून साहेबांची बोलणी खायलाच ती आज लातूरला आली होती.

आरती भोकरकडच्या एका खेड्यातली. वडील किशनराव सात एकर कसणारे, दावणीला दोन लाल कंधारी गाई. आई साखराबाईच्या बावीस शेळ्या. कोणतं जनावर रवंथ करत नाही, हे पोरीला अंधारातसुद्धा कळायचं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. पण परीक्षेत मार्क कमी पडले आणि सरकारी कॉलेजची यादी तिच्या नावाच्या बरीच वर संपली.

त्याच आठवड्यात लातूरच्या एका खाजगी कॉलेजचा माणूस गाडी घेऊन दारात आला. मार्क कमी पडलेल्या पोरांची यादी त्याला कुठून मिळाली, देव जाणे.

“ही पण जनावरांची डॉक्टरकीच आहे काका, फक्त दोन वर्षं कमी लागतात,” तो चहा पीत म्हणाला. “सरकारी नोकरी आहे, कंपन्या आहेत. पोरगी रिकामी राहणारच नाही.”

फी वर्षाला सत्तर हजार, हॉस्टेल वेगळं. साखराबाईनं विचारलं, “म्हंजी वर्साला किती शेळ्या?” माणूस हसला. साखराबाई हसली नव्हती, ती खरंच हिशेब करत होती. तीन वर्षांत बावीसच्या चार शेळ्या उरल्या. हॉस्टेलचा खर्च सोयाबीननं भागवला.

आरती मन लावून शिकली. चारा, पचन, पैदास, दुधातलं फॅट, सगळं. शिकवणारे दोन मास्तर खरोखर चांगले होते. म्हणूनच तिला शंका आली नाही.

पदवी हातात पडली आणि पशुधन पर्यवेक्षकाच्या जागा निघाल्या. भोकरच्या नेट कॅफेत ती फॉर्म भरायला बसली. शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात पदविका होती, पशुवैद्यकाची पदवी होती. तिची पदवी नव्हती. तिनं ‘इतर’ दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: आपण पात्र नाही. कॅफेवाल्यानं तीनदा पान उघडून पाहिलं. दोन वर्षांची पदविका केलेली पोरं तिच्या डोळ्यांदेखत फॉर्म भरून गेली, आणि तीन वर्षांची पदवी घेऊन ती खुर्चीवर बसून राहिली. डॉक्टर म्हणून सुई टोचायचीही तिला परवानगी नव्हती. त्याला सरकारी नोंदणी लागते, ती फक्त पशुवैद्यकांची होते; हिच्या पदवीला तिथं दार बंद.

मग उरली कंपनी. स्कूटीवर गावोगाव फिरून पोती विकायची. एकदा एका वस्तीवर गाय व्याल्यावर खाली बसली ती उठेना, मान पोटाकडं वळवून. आरतीनं बघताक्षणी ओळखलं, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. औषध कोणतं ते माहीत होतं, शीर कुठली तेही. हात बांधलेले. तिनं सरकारी डॉक्टरांना फोनवर फोन लावले, ते येईपर्यंत गाय कुशीवर कलंडू दिली नाही. गाय वाचली. डॉक्टर म्हणाले, “बरं झालं, वेळेवर ओळखलंत.” त्या दिवशी पोतं एकही खपलं नाही, म्हणून पगारातून प्रवासभत्ता कापला गेला.

आणि आता हा फ्लेक्स.

तिनं ऑटो वळवायला सांगितलं आणि थेट कॉलेजात गेली. संचालक अंबरीश सर एसीच्या खोलीत बसले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. फ्लेक्सवरच्या पोरीला ओळखलं नाही!

“सर, माझा पगार चौदा हजार हाय. सात लाख कुठून आणले?”

“अगं बेटा, ते पुढच्या संधी धरून लिहितात. जाहिरातीची भाषा असते ती. तुझं नाव मोठं झालं ना लातूरभर?”

“माझ्या नावावर तुम्ही दुसऱ्यांना शेळ्या विकायला लावून राहिलात.”

शेळ्यांचं त्यांना काही कळलं नाही. पोरगी रागावलीय एवढं कळलं. ते मऊ आवाजात म्हणाले, “रविवारी पालक मेळावा आहे. तू ये, दोन शब्द बोल. दोन हजार मानधन देऊ.”

“येते,” आरती म्हणाली.

रविवारी हॉल भरला होता. निलंगा, उदगीर, देगलूर, कुठून कुठून आईबाप आले होते. पोरांच्या मांडीवर कॉलेजची चकचकीत पुस्तिका. आरतीनं माइक हातात घेतला आणि पर्समधून पगाराची स्लिप काढून वाचली. रुपयासकट. मग म्हणाली, “इथं शिकवतात ते खोटं न्हाई. पण ह्या पदवीवर सरकारी जागेचा फॉर्म भरता येत न्हाई, दवाखाना टाकता येत न्हाई. हे मला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगून राहिले. सरकारी भरतीच्या जाहिरातीत, पात्रतेत ही पदवी कुठं लिहिलीय, ते दाखवा म्हणा. मगच पैसे भरा.”

माइक बंद झाला. तिनं आवाज चढवला. दोन कर्मचारी स्टेजवर आले, तेव्हा पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. “बोलू द्या की लेकराला! आमचंच पैसे हायेत, आमाला ऐकू द्या!”

काही जण पुस्तिका खुर्चीवर ठेवून उठले. सगळे नाही. बाहेर एक बाप तिला म्हणाला, “तुमचं बरोबर हाय ताई, पण दुसरीकडं नंबरच लागंना,” आणि परत आत जाऊन रांगेत उभा राहिला. त्याचा तिला राग आला नाही. ज्यांनी त्याची अडचण हेरून दुकान मांडलं, त्यांचा आला.

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. आठ दिवसांत कंपनीच्या साहेबांना कुणाचा तरी फोन गेला आणि तिची बदली राज्याच्या सीमेवरच्या लांबच्या गावांत झाली. तिनं राजीनामा दिला. वर्गातली मैत्रीण पंचशीला तिच्यासोबत आली आणि दोघींनी ग्राहक आयोगात तक्रार केली, वकील न लावता, स्वतःच्या अक्षरात.

पोटापाण्यासाठी आरतीनं पाच गावांत गोठे धरले. कोणत्या जनावराला किती चारा, किती पेंड, चाटायला किती मिठाची वीट, ते वजन करून लिहून द्यायचं, जनावरामागं महिन्याला साठ रुपये. हळूहळू पावणेदोनशे जनावरं झाली. कंपनीपेक्षा कमीच मिळत. पण दूध वाढलं की लोक आपण होऊन बोलवत.

आयोगातल्या तिसऱ्या सुनावणीला कॉलेजनं तडजोड पुढं केली: निम्मी फी परत, अट एवढीच की पुन्हा कुठं बोलायचं नाही. पंचशीला आयोगाच्या पायरीवर बसून रडली. “भावाचं ॲडमिशन अडलंय गं.”

“घे,” आरती म्हणाली. “तुझेच पैसे हायेत. लाजू नको.”

स्वतः तिनं सही केली नाही. त्या दुपारी कॉलेजचा वकील तिच्याकडं वळून म्हणाला, “याच शिक्षणावर तुम्ही आज कमावता. मग नुकसान काय झालं?”

आरतीनं आवाज चढू दिला नाही.

“साहेब, जे शिकले त्याबद्दल तक्रार न्हाई. जे सांगून पैसे घेतले, त्याबद्दल हाय.”

आयोगाच्या अध्यक्षांनी मान खाली घालून पेन चालवलं. पुढची तारीख पडली. बाहेर निघण्याआधी आरतीनं टाचा उंचावून टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं होतं.