शेजारी ठसका लागेपर्यंत

आमच्या फौजीच्या स्वयंपाकाला घड्याळ नव्हतं. फोडणी जमली की नाही, हे तो शेजारच्या घरावरून ठरवायचा. भिंतीपलीकडं कुणाला ठसका लागला की म्हणायचा, "झालं. उतरवा." नाही लागला तर आणखी दोन मिरच्या.

फौजी म्हणजे माझा मेव्हणा, तिसगावजवळचा. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत लष्कराचा ट्रक चालवायला बिहारकडं होता. तिथल्या छावणीत इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या चिनी पलटणी होत्या आणि त्यांचा एक आचारी शेचवान मुलखातला. "त्याची बोली मला कळत न्हवती, पन तिखाट कळत हुतं," असं फौजी सांगायचा. बाकीचे शिपाई ट्रंका नि ब्लँकेटं घेऊन घरी आले. हा चिनी शेवया शिकून आला.

गावानं मात्र उठवलं की हा तिकडं बेडूक खाऊन आलाय. कुणी विचारलं तर फौजी म्हणे, "काय काय खाल्लं ते सांगंन, पन तुमी जेवत नसताना." अशा उत्तरानं संशय कमी होतो का? त्याच्या बहिणीला, यमुनेला, बघायला आलेली दोन स्थळं तेवढ्यावरून परत गेली. तिसरं स्थळ मी.

शाळा मी दुसरीत सोडली, पण मुलगी स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, असा हट्ट धरून राहुरीहून गेलो. बरोबर थोरले चुलते, तात्या. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बसल्या बसल्या त्यांनी फौजीला धरलं, "तिकडं काय खात हुतास ते आमच्यासमोर शिजव. मग सोयरिकीचं बोलू."

यमुनेनं हातानं केलेल्या, सुतळीएवढ्या जाड शेवया फौजीनं उकडून निथळल्या. वर लसूण, तिळाचं कूट, शेंगदाणे, चिंचेचा कोळ. मग कुटलेली लाल मिरची आणि नगरहून शोधून आणलेली तिरफळं. आपल्याकडं मसाल्यात दोन-चार पडतात, ह्यानं मूठभर घातली. त्यावर करडईचं कडकडीत तेल ओतलं. शेजारची म्हातारी खोकली. "झालं," फौजी म्हणाला.

तात्यांनी तीन घास खाल्ले आणि ओठ चाचपले. "जिभंवर मुंग्या चालल्यात. आरं, जीभ वळंना माझी! काय घातलंस रं?"

"तिरफळ हाय तात्या. घटकाभरात उतरतंय."

"इख हाय हे! गाडी जुंपा!"

तात्या फेटा गुंडाळू लागले. मिरचीनं कधी डोळ्यांत पाणी न आलेल्या त्या माणसाचे डोळे तेव्हा भरलेले मी पाहिले.

तेवढ्यात यमुना आतून आली. सगळ्यांसमोर खाली बसली, परातीतला मोठा घास घेतला, सावकाश चावून गिळला. "दादा रोज खातो, मी बी खाते. मरायचं असतं तर कवाच मेलो असतो आमी." आणि माझ्याकडं बघितलं.

मागं हटणं माझ्या रक्तात नाही. मी परात ओढली. कानशिलं तापली, नाक वाहिलं, जीभ लाकडासारखी झाली, पण परात पुसून काढली.

तात्या एका पायात जोडा घालून बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी बैलाला एक शिवी घालून पाहिली. साफ आली. मग जोडा काढला, परत घोंगडीवर बसले नि मला म्हणाले, "काय रं, पसंत हाय का?" माझी जीभ अजून बधिर. मी नुसती मान हलवली. फौजी भिंतीला टेकून बसला आणि भरलेला ट्रक घाट उतरवल्यावर सोडावा तसा श्वास त्यानं सोडला.

फौजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला लोक गोडाचं जेवून गेले, पण आम्हा दोघांना काही ते गोड लागलं नाही. घरी आल्यावर यमुनेनं तेल तापवलं. ती मिरची घालत राहिली, मी भिंतीला कान लावून उभा. पलीकडं कुणीतरी खोकलं.

"झालं," मी म्हणालो, "उतरव."