म्हादूचा दम तुटला नव्हता

म्हादू असवले वारला ही बातमी मला वडगावच्या कचेरीबाहेर, माझ्या नेहमीच्या चिंचेखाली, एकाचा पाणंदीच्या वहिवाटीचा अर्ज लिहीत असताना कळली. खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या कामावर त्याच्याबरोबर असलेला एक गडी उभ्या उभ्याच म्हणाला, "नाना, म्हादू गेला. छातीत कफ धरला व्हता." मी लेखणी खाली ठेवली. त्या क्षणी मनात प्रथम आले ते दुःख नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. प्रथम मनात आले ते हे की, मास्तर अजून जिवंत आहे...

मास्तर म्हणजे लोणावळ्यास दरसाल भरणाऱ्या हुतूतूच्या सामन्यांचा कायमचा पंच, पेशाने शाळेतील ड्रिल मास्तर. त्याचे नाव मी लिहीत नाही. अब्रुनुकसानीचा कायदा मला चांगला अवगत आहे. शिवाय ज्याने हे वाचावे तो वाचणारच आहे.

आमच्या आंदर मावळाच्या संघाचा म्हादू हा चढाईचा गडी. भाताची पोती डोंगरावरून वाहून कमावलेली त्याची छाती, आणि एका श्वासात हुतूतू म्हणत तो असा काही घुमायचा की, समोरच्यांनाच धाप लागे. एके साली अखेरच्या सामन्यात ढाल एका गुणावर अडलेली असताना तो शेवटच्या चढाईस गेला, दोघांना शिवला, तिसऱ्याने पाय धरला तरी ओढत ओढत परतला आणि त्याची बोटे मधल्या रेघेस लागली न लागली तोच शिट्टी झाली. "दम तुटला. गडी बाद." वाचकहो, नवल पुढेच आहे. शिट्टी झाली तरी म्हादूचे हुतूतू चालूच होते! तो अंगावरची माती न झटकता उठला, घुमत घुमत पंचाच्या खुर्चीपाशी गेला, मास्तराच्या नाकासमोर घुमला, खुर्चीला एक पूर्ण फेरी घातली, आणि मग थांबला. लोक ओरडत होते, "मास्तर, कान धुऊन या!" "आता येतंय का ऐकू, का ढोल आणू?" मास्तराने रुमालाने चेहरा पुसला आणि म्हणाला, "शिट्टीनंतरचा दम मी मोजत नाही."

लेखी तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत द्यावी, असा सामन्यांचा नियम. ती लिहिण्याचे काम अर्थातच मजकडे आले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या अर्जांनी भले भले साहेब विचारात पडलेले आहेत. तेव्हा हा अर्जही तसाच व्हावा म्हणून मी सात पाने लिहिली, दोनदा फाडली, पुन्हा लिहिली. अर्ज घेण्यास नेमका मास्तरच बसला होता. त्याने घड्याळाकडे पाहिले. "नाना, बारा वाजून गेले." एवढ्यावर थांबता तर मी कदाचित विसरलो असतो. परंतु त्याने माझे पहिले वाक्य कमिटीस मोठ्याने वाचून दाखवले, ते अर्ध्या पानापर्यंत संपेना, आणि कमिटी हसली... म्हादूस मी इतकेच सांगितले की, मास्तराने अर्ज दाबला.

त्यानंतर दरसाल सामने जवळ आले की म्हादू चिंचेखाली येई. "नाना, औंदा बी घाला अर्ज. पर आदी बगा, दम हाय का न्हाई." मग तो घुमू लागे आणि मी लिहू लागे. एका दमात माझ्या अकरा ओळी होत. कमिटीच्या वहीतला 'दम तुटला' हा शेरा खोडून 'दम होता' एवढे लिहावे, ही त्याची एकच मागणी होती. उत्तरही दरसाल एकच येई : मुदत गेली. गेल्या खेपेस तो आला तेव्हा चारच ओळी झाल्या. खोकला ओसरल्यावर कागदाकडे बघून म्हणाला, "तुमचाच हात आता मंद झालाय, नाना."

त्याच्या दहाव्यास यावे म्हणून मी मास्तरास मुद्दाम पत्र घातले. न आल्यास भ्याला असे समजू, असे स्पष्ट लिहिले. तो कामशेतहून छत्री घेऊन पायी आला. माझी योजना सरळ होती. म्हादूची इच्छा अपुरी, सबब कावळा पिंडाला शिवणार नाही, लोक कारण विचारतील, आणि मग साऱ्या आंदर मावळासमोर मी म्हणेन, "मास्तर, आता तुम्ही बोला." काय बोलायचे तेही मी कागदावर तयार ठेवले होते. नदीकाठी पिंड ठेवला. लोक मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला, शिवला आणि उडून गेला.

मास्तराने छत्री उघडली. "निकाल स्वच्छ आहे, नाना."

मी काही बोलणार तोच म्हादूची बायको राही जवळ आली. हळूच म्हणाली, "भावजी, त्यास्नी समदं ठावं व्हतं. अर्ज बारा वाजल्यावर गेलता, त्ये बी. मास्तरांनीच सांगितलं व्हतं. ह्ये म्हनायचं, नानाला बोलू नगा. लिवायला बसला की त्यो लय खूश असतो."

तो कावळ्याचा निकाल मला मान्य नाही. त्या काठावर कित्येक दिवसांत दुसरा दहावा झाला नव्हता. कावळा भुकेला होता, आणि भुकेल्याची साक्ष ग्राह्य नसते. म्हादूने मास्तरास माफ केले असेल. मलाही केले असेल. तो त्याचा अधिकार होता... माझा नाही.

यंदाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सात पानांचा नव्हे, अकरा ओळींचा. तो बाराच्या आत पोहोचेल आणि मास्तराच्या खुर्चीसमोर उभा राहून, मध्ये श्वास न घेता, मी स्वतः वाचीन. रोज सकाळी कचेरी उघडण्यापूर्वी चिंचेखाली, म्हादू बसे त्या जागेकडे तोंड करून मी तो म्हणून पाहतो. सध्या सातव्या ओळीस माझा दम तुटतो. सामन्यांना अजून दोन महिने आहेत.