चिऊचे डोळे दाखवायला बेंगळुरूला

या ब्लॉगवर तुम्ही माझी खादाडी वाचायला येता. यावेळी ते नाही. दादाची चिऊ सातव्याच महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत राहिली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "महिन्याच्या आत डोळे तपासून घ्या." पण आमची आई हटून बसली, "सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर जायचं नाही!" वहिनीनं जन्मापासूनचे दिवस मोजून दाखवले, तर म्हणते कशी, "पेटीतले दिवस कसले धरतेस? घरी आली तेव्हापासून मोजायचं." आईपुढं कोण बोलणार? सव्वा महिना सरल्यावर दाखवलं, तर निपाणीचे डॉक्टर म्हणाले, आधी बेंगळुरू गाठा.

उजाडताच गाडी काढली. हायवे झकास, दिवसभराचा रस्ता. तुमकुरनंतर मात्र मुंगीच्या पावलानं. दावणगेरेचा बेण्णे डोसा चुकवू नका, असं मीच इथं लिहिलंय. त्या दिवशी डोशावरचं लोणी थिजलं, कुणी घास मोडला नाही.

मुक्काम राजाजीनगरला, आईच्या मावसबहिणीकडं. शांताअक्कांनी सकाळी दारातच अडवलं, "स्वल्प खाऊन जावा गं, तिथं दिवस मोडतोय." खरंच मोडतो. डोळ्यांच्या दवाखान्यात बाळाच्या डोळ्यांत थेंब घालून बसवून ठेवतात. जास्तीची दुपटी न्या.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. डाव्याला आजच लेझर करू. वेळेत आला असता तर..." वहिनीनं एवढंच विचारलं, "डावा वाचेल ना?"

वाचला. पुढं दोन-तीन फेऱ्या झाल्या, आता चिऊ त्या डोळ्यानं दिव्याकडं बघते, हसते. उजव्या बाजूनं गेलं की दचकते. जीव तुटतो हो.

परवा शेजारच्या सुमनकाकूंची नात अशीच अपुऱ्या दिवसांची घरी आली. आई तडक त्यांच्या दारात. "सव्वा महिना गेला खड्ड्यात! उद्याच्या उद्या डोळे दाखवून आणा. ओवाळायला मी उभी राहते." काकू चाटच पडल्या. मला बरं वाटलं, आईचा अभिमानही वाटला.

घरात आलो तर वहिनी पाळण्यापाशी. तिनं सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता म्हणाली, "आई, हे माझ्या चिऊच्या वेळी बोलला असता तर?"

आई तिथंच खाली बसली.